हृदयाची झडप : छाती उघडून की मांडीतून? अमेरिकेतल्या आकड्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत एका रुग्णालयाच्या व्हॉल्व्ह क्लिनिकमध्ये मी समन्वयक परिचारिका आहे. रुग्णाचा पहिला फोन मी घेते, सीटी स्कॅनची वेळ मी ठरवते आणि ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी "जिना चढलात का?" असं विचारायला पुन्हा मीच फोन करते. मराठी मंडळात हे कळल्यापासून ओळखीपाळखीतून बरेच फोन येतात. कुणाचे वडील इथे आलेत, कुणाची मावशी नाशिकला आहे. "तिकडे तर आता सगळ्यांचं मांडीतूनच करतात ना?" हे वाक्य त्यात हमखास असतं. त्याचं उत्तर एका फोनमध्ये मावत नाही, म्हणून लिहून काढलं. कुणाच्या आईवडिलांचा निर्णय हे वाचून घेऊ नका. निर्णय त्यांचा इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि सीटी समोर ठेवूनच व्हायला हवा.

मुळात कोणत्या झडपेबद्दल बोलतोय?

महाधमनीच्या तोंडाशी असलेल्या, म्हणजे एओर्टिक व्हॉल्व्हबद्दल. हृदयातून शरीराला जाणारं सगळं रक्त याच दारातून बाहेर पडतं. निरोगी माणसात ही झडप तीन ते चार चौरस सेंटिमीटर उघडते. वयानुसार तिच्या पाकळ्यांवर कॅल्शियम साचतं, त्या कडक होतात आणि दार किलकिलंच उघडू लागतं. उघडीप एक चौरस सेंटिमीटरच्या खाली गेली की आजार तीव्र समजतात.

चालताना दम लागणं, छातीत दुखणं आणि भोवळ येणं ही तीन मुख्य लक्षणं. पण माणसं ती सहसा सांगत नाहीत, ती जगण्याची पद्धतच बदलून टाकतात. आजी म्हणतात, "मला काही होत नाही." मग मुलगी शेजारून सांगते की गेले सहा महिने आई वरच्या मजल्यावर गेलेलीच नाही. मी नोंद करते ती मुलीच्या वाक्याची.

झडप मोकळी करणारं औषध नाही. ती बदलावी लागते.

दोन पद्धतींत नेमका फरक काय?

शस्त्रक्रियेत छातीचं मधलं हाड कापतात, रक्ताभिसरण हार्ट-लंग मशीनवर घेतात, हृदय थांबवतात, जुनी झडप कापून काढतात आणि नवीन टाके घालून बसवतात. नवीन झडप धातू-कार्बनची असते किंवा प्राण्याच्या ऊतींची.

दुसऱ्या पद्धतीला अमेरिकेत टॅव्हर म्हणतात, युरोपात आणि भारतात टावी. यात जांघेतल्या धमनीतून नळी वर नेतात. जुनी झडप काढत नाहीत. नवीन झडप तिच्या आतच उघडते आणि जुन्या पाकळ्यांना भिंतीशी दाबून धरते. हा मुद्दा नीट लक्षात ठेवा, पुढे बऱ्याच गोष्टी त्यावर अवलंबून आहेत.

कॅथलॅबमध्ये, म्हणजे नळीवाटे हृदयाचे उपचार करतात त्या खोलीत, मी पहिल्यांदा उभी राहिले तो दिवस मला अजून आठवतो. बाजूच्या टेबलावर झडप सलाइनमध्ये धुतात आणि एका छोट्या गोल यंत्रात हळूहळू दाबत फुग्यावर बसवतात. पेन्सिलीएवढी बारीक होते ती. मग ती आत जाते आणि जागेवर पोचली की तात्पुरत्या पेसमेकरनं हृदयाचा वेग मिनिटाला १८० ते २०० पर्यंत नेतात, म्हणजे हृदय नुसतं थरथरतं, रक्त बाहेर फेकत नाही आणि झडप जागेवरून ढकलली जात नाही. मॉनिटरवरची रक्तदाबाची रेघ सपाट होते. फुगा फुगतो, उतरतो. पेसिंग थांबतं आणि ती रेघ पुन्हा उसळ्या घेऊ लागते. सगळं मिळून काही सेकंद, पण त्या सेकंदांत खोलीत कुणी बोलत नाही. (काही झडपा फुग्याशिवाय आपोआप उमलतात. त्यांचा धातू शरीराच्या उष्णतेनं मूळ आकारात येतो.)

याची सुरुवात कुणी केली?

डेन्मार्कच्या हेनिंग रुड अँडरसन यांनी १९८९ मध्ये हातानं वाकवलेल्या तारेच्या चौकटीत डुकराची झडप शिवली आणि ती नळीतून एका डुकराच्या हृदयात बसवली. माणसात पहिल्यांदा हे केलं फ्रान्समध्ये, रुआँ शहरात आलाँ क्रिबिए यांनी, १६ एप्रिल २००२ रोजी. रुग्ण ५७ वर्षांचा होता आणि कुणीही शस्त्रक्रिया करायला तयार होणार नाही अशा अवस्थेत होता. झडप व्यवस्थित चालली. रुग्ण सुमारे चार महिन्यांनी इतर गुंतागुंतींमुळे गेला. ज्यांना दुसरा कुठलाच मार्ग उरला नव्हता त्यांच्यासाठी ही पद्धत जन्मली. आज तिचा पसारा बघताना हे विसरायला होतं.

अमेरिकेत चित्र कसं बदलत गेलं?

टप्प्याटप्प्यानं, आणि प्रत्येक टप्प्याआधी मोठा अभ्यास. शस्त्रक्रिया झेपणारच नाही अशा रुग्णांच्या 'पार्टनर' नावाच्या अभ्यासात नुसत्या औषधोपचारावर ठेवलेल्यांपैकी ५०.७ टक्के एका वर्षात दगावले. नळीतून झडप बसवलेल्यांत हे प्रमाण ३०.७ टक्के होतं. त्या जोरावर नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनानं अशा रुग्णांसाठी परवानगी दिली. २०१२ मध्ये शस्त्रक्रियेत जास्त जोखमीच्या, २०१६ मध्ये मध्यम जोखमीच्या आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कमी जोखमीच्या रुग्णांसाठी दार उघडलं. मे २०२५ मध्ये तर आजार तीव्र आहे पण लक्षणं नाहीत अशांनाही परवानगी मिळाली.

२०१९ हे वळणाचं वर्ष. त्या वर्षी अमेरिकेत नळीतून ७२,९९१ झडपा बसल्या आणि सर्व प्रकारच्या शस्त्रक्रियांतून ५७,६२६. शस्त्रक्रियेच्या आकड्यात बायपाससोबत केलेल्या झडपाही आहेत, तरीही ती मागे पडली. कमी जोखमीच्या रुग्णांची परवानगी त्या वर्षाच्या उत्तरार्धात आली होती. म्हणजे नळीनं शस्त्रक्रियेला मागे टाकलं ते मुख्यतः जास्त आणि मध्यम जोखमीच्या रुग्णांच्या बळावर.

परिणामही सुधारले. सुरुवातीच्या काळात ३० दिवसांतला मृत्युदर ७.२ टक्के होता, २०१९ पर्यंत तो २.५ टक्क्यांवर आला. रुग्णालयातला मुक्काम साधारण दोन दिवसांवर आला आणि दहातले नऊ जण थेट घरी जाऊ लागले. याचं मोठं श्रेय नळीच्या जाडीला आहे. पूर्वी सात-आठ मिलिमीटरची नळी घालावी लागे, आता पाचहून कमी पुरते. एका गोष्टीत मात्र फारसा फरक पडला नाही. झडपेनंतर पेसमेकर लागणाऱ्यांचं प्रमाण आधीही ११ टक्क्यांच्या आसपास होतं आणि २०१९ मध्येही १०.८ टक्के होतं.

हे आकडे येतात कुठून?

याचं उत्तर मला मनापासून आवडतं, कारण त्यातली थोडी नोंद मीही रोज करते. २०१२ मध्ये मेडिकेअर या सरकारी विम्यानं पैसे द्यायची तयारी दाखवली ती एका अटीवर. प्रत्येक रुग्णाची माहिती राष्ट्रीय नोंदवहीत गेली पाहिजे. शल्यविशारद आणि हृदयरोगतज्ज्ञांच्या दोन संघटना मिळून ही नोंदवही चालवतात. रुग्ण किती चालू शकतो, ३० दिवसांनी कसा आहे, वर्षानं कसा आहे, सगळं त्यात जातं. शिवाय निर्णय एकट्या डॉक्टरनं घ्यायचा नाही. शल्यविशारद आणि कॅथेटरवाला डॉक्टर, दोघांनी रुग्ण पाहायचा. २०१९ च्या सुधारित नियमांत केंद्र चालू ठेवायला वर्षाला किमान ५० एओर्टिक झडपा आणि त्यांतल्या किमान २० नळीतून, अशी अट आहे.

दुसरा स्रोत म्हणजे देशभरच्या रुग्णालयांतून घरी गेलेल्या रुग्णांच्या नोंदींचा सुमारे २० टक्के नमुना. त्यातून कल चांगला दिसतो, पण तो बिलासाठी भरलेल्या कोडवर उभा आहे. झडपेला नेहमीसारख्या तीन पाकळ्या होत्या की जन्मतः दोनच, हे बिल सांगत नाही.

दुसऱ्या देशांतही असंच झालं का?

जर्मनीत आधी झालं. तिथे २००७ मध्ये नळीतून १४४ झडपा बसल्या होत्या, २०१३ मध्ये ९,१४७. त्याच काळात शस्त्रक्रिया ८,६२२ वरून ७,०४८ वर आल्या. आता बेरीज करून बघा. दोन्ही मिळून ८,७६६ चे १६,१९५ झाले. शस्त्रक्रिया दीड हजारानं घटल्या आणि नळीवाल्या नऊ हजारांनी वाढल्या. म्हणजे नळीनं शस्त्रक्रियेचे रुग्ण पळवले त्याहून कितीतरी जास्त असे रुग्ण शोधले, ज्यांना पूर्वी "वय झालंय, आता सांभाळा" म्हणून घरी पाठवत होते. माझ्या मते या सगळ्या आकडेवारीतली सर्वांत चांगली बातमी हीच आहे.

त्याच अभ्यासातला आणखी एक आकडा व्हॉट्सॲपवर अर्धवट फिरतो. २०१३ मध्ये रुग्णालयातला मृत्युदर नळीचा ५.४ टक्के आणि शस्त्रक्रियेचा २.२ टक्के होता. म्हणून नळी जास्त धोक्याची ठरते का? नाही. नळीवाल्यांचं सरासरी वय ८१ होतं, शस्त्रक्रियावाल्यांचं ७०. देशभरच्या आकड्यांत ही गल्लत कायम होते. कोणती पद्धत बरी हे ठरवायचं तर एकसारखे रुग्ण चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागावे लागतात. जर्मनीतच तसं १,४१४ कमी आणि मध्यम जोखमीच्या रुग्णांवर केलं. २०२४ मध्ये निकाल आला : वर्षभरात मृत्यू किंवा पक्षाघात नळीच्या गटात ५.४ टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात १०.० टक्के.

मग छाती उघडायची पद्धत आता जुनी झाली का?

अजिबात नाही. सोबत बायपास करायची असेल, महाधमनी फुगलेली असेल, झडपेला जंतुसंसर्ग झाला असेल, झडप फार लहान किंवा जन्मतः दोन पाकळ्यांची असून तिच्यात वेडंवाकडं कॅल्शियम असेल, मांडीतल्या धमन्या अरुंद असतील, तर शल्यविशारदाकडेच जावं लागतं. आणि तरुण असाल तरीही. त्याबद्दल पुढे सविस्तर.

वयाची रेषा कुठे आहे?

अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांत (२०२०) ६५ च्या आत शस्त्रक्रिया, ८० च्या पुढे नळी आणि मधल्या वयात रुग्णाशी बोलून निर्णय. युरोपनं २०२१ मध्ये ७५ ही रेषा आखली होती, २०२५ मध्ये ती ७० वर आणली.

कागदावर असं आहे. प्रत्यक्षात २०२१ पर्यंत अमेरिकेत फक्त एओर्टिक झडप बदलून घेणाऱ्या ६५ च्या आतल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना नळीतून झडप बसत होती. ८० च्या पुढे तर जवळजवळ सगळ्यांनाच.

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. कमी जोखमीच्या रुग्णांच्या ज्या मोठ्या अभ्यासांवर सगळी भिस्त आहे, त्यांतल्या रुग्णांचं सरासरी वय ७३-७४ होतं. दोन पाकळ्यांच्या झडपा त्यांतून वगळल्या होत्या. पन्नाशीत झडप खराब होणाऱ्यांत मात्र दोन पाकळ्यांच्याच झडपा जास्त सापडतात. म्हणजे निम्मे तरुण रुग्ण जो रस्ता धरतायत, त्या रस्त्याचा पुरावा त्यांच्यासारख्या माणसांवर गोळा केलेलाच नाही. ५८ वर्षांचा माणूस क्लिनिकमध्ये येऊन म्हणतो, "सोमवारी करून गुरुवारी कामावर जायचंय." त्याची घाई मला समजते, घरी हप्ते असतात. पण त्याला अजून पंचवीस-तीस वर्षं जगायचंय, आणि ऊतींची झडप इतकी वर्षं टिकेल असं कुणीही सांगू शकत नाही.

नळीतून बसवलेली झडप किती वर्षं टिकते?

डेन्मार्कच्या पुढाकारानं झालेल्या नोशन अभ्यासात २८० रुग्ण होते. दहा वर्षांनी मृत्यू, पक्षाघात आणि हृदयविकाराचा झटका यांचं एकत्रित प्रमाण दोन्ही गटांत ६५.५ टक्के भरलं, आणि नळीवाल्या झडपा तीव्र खराब होण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेपेक्षा कमी होतं. चांगलीच गोष्ट आहे. पण सुरुवातीलाच या रुग्णांचं सरासरी वय ७९ च्या आसपास होतं. बरेचसे रुग्ण झडपेच्या आधी गेले. पन्नाशीतल्या माणसाला हा निकाल जसाच्या तसा लावता येत नाही.

पहिली झडप निवडताना दुसरीचा विचार करावा लागतो. शस्त्रक्रियेनं बसवलेली ऊतींची झडप पुढे खराब झाली तर तिच्या आत नळीतून दुसरी बसवता येते. आधी नळीवाली असेल तर तिच्यातही दुसरी बसू शकते, पण जागा आणखी आवळते आणि झडपेच्या धातूच्या जाळीमागे हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तोंडं झाकली जाण्याचा धोका असतो. पुढे अँजिओप्लास्टी करायची वेळ आली तर तेही अवघड. आणि नळीवाली झडप छाती उघडून काढायची वेळ आली, तर ते फार कठीण ऑपरेशन आहे. अशा २६९ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय नोंदीत ३० दिवसांतच १३.१ टक्के दगावले. अमेरिकेत अशी ऑपरेशन्स आता झपाट्यानं वाढतायत. म्हणून साठीच्या आतल्या प्रत्येकाला मी एक प्रश्न डॉक्टरांना विचारायला सांगते : "ही खराब झाली की माझ्या छातीत पुढे काय करता येईल, ते सीटीवर दाखवाल का?"

दोन्हींचे धोके सरळ सांगा ना.

पार्टनर ३ या हजार रुग्णांच्या अभ्यासातले आकडे घ्या. महिनाभरात हृदयाची लय नव्यानं बिघडली : नळी ५.० टक्के, शस्त्रक्रिया ३९.५ टक्के. पेसमेकर लागला : ६.५ विरुद्ध ४.० टक्के. मुक्काम तीन दिवस विरुद्ध सात. वर्षभरात मृत्यू, पक्षाघात किंवा पुन्हा भरती : ८.५ विरुद्ध १५.१ टक्के. पाच वर्षांनी हे अंतर बरंच कमी झालं, २२.८ विरुद्ध २७.२. पहिल्या वर्षाचा आकडा सगळे सांगतात, पाचव्या वर्षाचा विचारून घ्या.

आमच्याकडे महाराष्ट्रात हे आकडे लागू पडतात का?

थोडेच. अमेरिकेतला रुग्ण ऐंशीच्या घरातला, कॅल्शियमनं कडक झालेल्या झडपेचा. इथल्या नळीवाल्या रुग्णांत दहातले नऊहून अधिक गोरे असतात, बाकीच्यांपर्यंत ही सोय अजून नीट पोचलेलीच नाही. आपल्याकडे आजही मोठा वर्ग संधिवाताच्या तापानं, म्हणजे लहानपणी घसा दुखून सांधे सुजतात त्या आजारानं, झडप गेलेल्यांचा आहे. तिशी-चाळिशीतल्या बायका, मायट्रल (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) झडप आवळलेली. अशा रुग्णांत टावीचा विषयच नसतो. फुग्यानं झडप मोकळी करतात, नाहीतर शस्त्रक्रिया.

अशा तरुण रुग्णांना अनेकदा मेकॅनिकल झडप देतात. ती टिकते, पण रक्त पातळ करायची गोळी जन्मभर आणि रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी आयएनआरची तपासणीही जन्मभर. पालक-मेथीनं या गोळीचा परिणाम बदलतो, पण म्हणून त्या पूर्ण बंद करू नका. रोज साधारण तेवढीच खा, एका आठवड्यात टोपलीभर आणि दुसऱ्या आठवड्यात शून्य असं नको. मूल हवं असलेल्या बाईनं गरोदर राहण्याआधी ही गोष्ट डॉक्टरांकडे काढलीच पाहिजे, कारण त्या गोळीनं बाळाला अपाय होऊ शकतो आणि गोळी थांबवली तर झडपेत रक्ताची गाठ होऊ शकते. सासरी हे बोलायची चोरी असते हे मला माहीत आहे. तरी बोला.

भारतीय झडपाही आहेत. त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली बनलेली मेकॅनिकल झडप डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा बसली. गुजरातेत वापीला बनणारी मायव्हॉल ही नळीतून बसणारी झडप २०२४ मध्ये मुख्यतः युरोपात झालेल्या मोठ्या तुलनेत नामवंत परदेशी झडपांपेक्षा कमी पडली नाही. टावीच्या खर्चात मोठा वाटा झडपेच्या किमतीचा असतो, त्यामुळे हे महत्त्वाचं आहे. शस्त्रक्रियेनं झडप बदलणं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा.

झडप गाईची असते की डुकराची?

हा प्रश्न माणसं दाराशी थांबून हळू आवाजात विचारतात. संकोच करू नका. फुग्यावरच्या बहुतेक झडपा गोवंशाच्या हृदयावरणाच्या, आपोआप उमलणाऱ्यांतली सर्वांत परिचित झडप डुकराच्या. आधी विचारलंत तर निवड करायला वाव असतो. ऑपरेशन झाल्यावर कळलं आणि कुढत बसले, असे एक आजोबा मी पाहिलेत. आम्ही कुणीच त्यांना आधी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून पहिल्याच भेटीत मी स्वतः सांगते.

आईबाबा व्हिजिटर व्हिसावर आलेत आणि इथे निदान झालं. आता?

त्यांना मेडिकेअर मिळत नाही. ग्रीन कार्डवरही ६५ पूर्ण आणि सलग पाच वर्षं वास्तव्य असावं लागतं. प्रवासी विम्यात आधीपासूनचा आजार बहुधा वगळलेला असतो आणि झडप काही विमानात कडक होत नाही. प्रकृती स्थिर असेल तर इको आणि सीटीची सीडी घेऊन भारतात परत जाणं हाच बहुतेकांचा मार्ग. भोवळ येत असेल तर विमानाचं तिकीट काढण्याआधी इथल्या डॉक्टरांना विचारा.

बाकीच्या झडपांचं काय?

मायट्रल झडपेची गळती कमी करायला नळीतून चिमटा लावतात, अमेरिकेत २०१३ पासून. ट्रायकस्पिड (उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या) झडपेसाठी नळीतून बदल आणि चिमटा या दोन्हींना २०२४ मध्ये परवानगी मिळाली. आकडे अजून लहान आहेत.

झडप बदलली, आता दात काढायचाय.

कोणत्याही पद्धतीनं बसवलेली असो, दाताच्या डॉक्टरांना आधी सांगा. जंतू रक्तातून झडपेवर बसू नयेत म्हणून हिरड्यांवरच्या उपचाराआधी तासभर अँटिबायोटिकचा एक डोस देतात. घरी जाताना झडपेचं नाव, आकार आणि क्रमांक असलेलं कार्ड मिळतं. ते फाइलमध्ये ठेवू नका, पाकिटात ठेवा, आणि त्याचा फोटो मुलांच्या फोनमध्येही असू द्या.